काढू का?

तुमच्या आईचं तोंड तुम्ही आतून कधी पाहिलं आहे का? चेहरा तर रोज बघतो आपण. मी म्हणते ते आतलं तोंड, हिरड्या, दाढा, जिभेखालची जागा. नसेल पाहिलं. मीही पाहिलं नव्हतं. माझ्या मायचं तोंड मी पहिल्यांदा आतून पाहिलं ते मानवतच्या बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर, परातीएवढं मोठं, रंगीत. माझ्याबरोबर ते पाथरीची गाडी धरणाऱ्यांनी पाहिलं, शेंगा फोडत बसलेल्या बायांनी पाहिलं, आणि ज्याला थुंकायचं होतं त्याने त्याच्या खालीच थुंकून घेतलं. पण तिथं पोचण्याआधी मला घरातून निघायला हवं.

आमचं घर मानवतपासून थोडं आत, गावाच्या बौद्धवस्तीत. दोन खोल्या, वर पत्रे, पुढे अंगण. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर सरकीचा बारीक कापूस चिकटलेला असायचा, आणि तो झटकायच्या आधी ते खिशातून कागद काढायचे. गावात काही अन्याय झाला, नळाचं पाणी वस्तीला आलं नाही, शाळेत मुलांना वेगळं बसवलं, की दादांचं पत्रक निघायचं. उरलेली पत्रकं घरातच मुरायची. फडताळात डब्यांखाली पत्रकं, चटणीच्या बरणीच्या तोंडाला पत्रक, पापड वाळायचे ते जुन्या पत्रकांवर, आणि उन्हानं कधी कधी पापडाच्या पाठीवर 'निषेध' असं उलटं उमटायचं. आम्ही ते भाजून खायचो. मी बाराखडी पुरी व्हायच्या आत 'जाहीर आवाहन' वाचायला शिकले होते. दादांचा एक नियम होता. पत्रकाची पहिली ओळ प्रश्न असावी आणि शेवटची ओळ काम असावी. "प्रश्नानं मानूस थांबतं," ते म्हणायचे, "आन काम सांगितलं की चालाया लागतं. मधलं कुनी वाचत न्हाई." मी आजही मधलं लिहिताना बिचकते.

मायचं नाव कुशावर्ता. वस्तीत सगळे कुशाबाई म्हणायचे. तिला लिहिता वाचता येत नव्हतं, पण विहारात रविवारची वंदना झाली की गाण्याचा पहिला सूर तिचा. ती उचलायची आणि मग बाकीच्या बाया तिच्या मागे यायच्या. बारसं असो, लग्न असो, कुशाबाई आली का, एवढं एकच विचारलं जायचं. तिचा आवाज गोड नव्हता. खरखरीत होता, ज्वारीच्या ताटासारखा, पण उभा राहायचा. आणि तिचं दुसरं व्यसन म्हणजे मिसरी. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची. त्या वासानं आम्ही घरभर खोकायचो. लहानपणी दाढ ठणकली तेव्हा कुणा म्हाताऱ्या बाईनं बोटभर मिसरी लावून दिली होती. दाढेची ठणक थांबली, मिसरी राहिली. दवाखाना तेव्हा गावात नव्हता आणि मिसरी प्रत्येक घरात होती. हे मी तिची बाजू मांडायला लिहीत नाही. पुढे कुणी तिच्या तोंडाकडे बोट दाखवून 'बघा, अशी असते अडाणी बाई' असं म्हटलं, तेव्हा ही गोष्ट स्टँडवरच्या त्या पोस्टरवर कुठेच नव्हती, म्हणून लिहिते.

त्या वर्षी मी मानवतच्या कॉलेजात जायला लागले आणि मायची डाव्या बाजूची दाढ ठणकायला लागली. भाकरीचा कडक पापुद्रा ती माझ्या ताटात सारायची आणि मऊ भाग येसराच्या आमटीत भिजवून उजव्या बाजूनं चघळायची. जेवताना डोळा आपोआप बारीक व्हायचा. दादा गुपचूप तिच्या ताटातली भाकर कुस्करून ठेवायचे. विचारलं की ती म्हणायची, "काय न्हाई, जरा धरलीय." अशात गावच्या शाळेत मोफत दंत तपासणीचं शिबिर आलं. मला त्या शब्दाचा फार अभिमान वाटला होता, मोफत. मीच तिला ओढत नेलं.

वर्गातले बाक भिंतीला लावले होते. मधे प्लास्टिकची खुर्ची, खिडकीकडे तोंड केलेली, म्हणजे उजेड थेट तोंडात पडावा. डॉक्टर तरुण होता, मानवतमध्ये नुकताच दवाखाना टाकलेला, घामेजलेला, दुपारपासून न बसलेला. वाईट माणूस नव्हता. हे मला आज लिहिता येतं, तेव्हा आलं नसतं. रांग खुर्चीच्या तीन बाजूंनी इतकी चिकटून उभी होती की बसलेल्याचं तोंड सगळ्यांनाच दिसावं. गयाबाई, आमच्या शेजारीण, रांगेत सगळ्यांच्या दातांवर बोलत होती. "ह्याची तर नुसती शिंगं उरल्यात," असं ती एका म्हाताऱ्याला म्हणाली आणि रांग हसली. मायची पाळी आली. तिनं पदर बाजूला केला.

"आ करा मावशी. मोठा. अजून मोठा." त्यानं एका हातानं आरसा आत घातला. माझ्या बाजूनं त्या हाताआड तिचं तोंड दिसेना. दुसऱ्या हातात मोबाईल होता. मला वाटलं उजेडासाठी धरलाय. तो म्हणाला, "काढू का मावशी?"

मायनं डोळे गच्च मिटले, खुर्चीच्या कडा धरल्या आणि आरसा बाजूला होताच म्हणाली, "काढा बाबा एकदाची!"

तिनं पुन्हा आ केला आणि लख्ख उजेड पडला. माय दुखण्याची वाट बघत तशीच बसून राहिली. तो म्हणाला, "झालं. दाढ आत किडलीय, इथं काही करता येणार नाही, दवाखान्यात या." तिच्या हातात पेस्टची छोटी ट्यूब ठेवली आणि पुढच्याला बोलावलं. घरी येताना माय सारखी जिभेनं दाढ चाचपत होती. "काढतो म्हनला आन काढलीच न्हाई," ती म्हणाली. "इसरला असंल. लय गर्दी हुती." आम्ही दोघी हसलो.

मग एके सकाळी बसमधून उतरले आणि ती भिंत समोर आली. नाकाच्या वरचा चेहरा कापून टाकला होता. उघडलेलं तोंड, काळपट दात, सुजलेली लाल हिरडी, आणि खाली हनुवटी. त्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. मायला लहानपणी जत्रेत गोंदताना तिनं मान हिसडली होती, म्हणून दोन ठिपके नीट आणि तिसरा घसरून शेपटीसारखा झालेला. ती शेपटी मी दूध पिताना बोटानं पुसायचा प्रयत्न करायचे, असं ती सांगते. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'असं तोंड हवंय का?' शेजारी एक गोरी बाई पांढरे दात दाखवत होती. तिचा चेहरा मात्र पूर्ण होता. आणि खाली, 'आजच तपासणी करा.' पहिली ओळ प्रश्न, शेवटची ओळ काम. दादांचा नियम तंतोतंत पाळला होता. मी त्या पत्रकापुढं अगदी दादा म्हणायचे तशीच थांबले. चालायला मात्र लागले नाही. एक बस गेली, दुसरी गेली.

घरी मी काही बोलणार नव्हते. गरज पडली नाही. संध्याकाळी गयाबाई बाजारातून आली ती अंगणातूनच ओरडत. "आगं कुशे! तुझं तोंड लागलंय की गं स्टँडावर! पुढाऱ्यावानी! आता निवडनुकीला हुबी ऱ्हा!" वस्तीतल्या बाया दात काढायला लागल्या. माय आधी समजली नाही. मग कुणी तरी मोबाईलवर काढून आणलेला फोटो तिच्यापुढे धरला. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि तीही हसली, पण पदर तोंडावर धरून. तो पदर मग खाली आला नाही. भाकरी थापताना, माझ्याशी बोलताना, शेतात कापूस वेचताना. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली आणि सगळ्या बाया गप्प बसून राहिल्या. पहिला सूर येईना. माय मागच्या भिंतीला टेकून बसली होती, पदर दातांत धरून. शेवटी कुणी तरी खाकरून सुरुवात केली, पण गाणं पहिल्या कडव्यातच बसलं. घरी येताना दादा पुढं पुढं झपाझप चालत होते. मला रस्त्यातला दगडन् दगड लाथाडावासा वाटत होता.

दाढेनं आपलं काम चालूच ठेवलं होतं. गाल सुजला, डोळ्यापर्यंत आला. दवाखान्यात चल म्हटलं की माय मान हलवायची. "पुन्यांदा तोंड उघडू? त्याच्यापुढं?" बस्स. मला कळत होतं की हे असंच चाललं तर आतला पू रक्तात जाईल. आणि मला हेही कळत होतं की ती का जात नाही. या दोन कळण्यांच्या मधे मी त्या दिवसांत जेवणसुद्धा उभ्यानं करत होते.

दादांनी आणि मी जे येत होतं ते केलं. पत्रक लिहिलं. 'गरिबाच्या आजाराची जाहिरात करण्याचा अधिकार डॉक्टरांना कुणी दिला?' ही पहिली ओळ माझी. दादांना इतकी आवडली की त्यांनी मांडीवर थाप मारली. त्यात सगळं होतं, शिबिर, मोबाईल, स्टँड, मायचं पूर्ण नाव, गाव, तिची किडलेली दाढ, तिची मिसरी, तिची सूज. संध्याकाळी अंगणात दादांनी ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. माय चुलीपुढं होती. वाचून झालं तरी ती वळली नाही.

"माझं नाव घातलं का त्यात?" तिनं विचारलं.

"घातलं की. पूर्न नाव."

"आन दाढेचं, मिसरीचं, समदं?"

"समदं," दादा म्हणाले.

"मंग मला कोन इचारलं?"

दादा गोंधळले. "आगं, तुझ्यासाठीच करायलोय न्हवं हे!"

माय वळली. पदराच्या वर एकच डोळा उघडा होता, दुसरा सुजेनं मिटला होता. "त्यो डाक्टर बी लोकाच्या भल्यासाठीच करायलाय. त्यानं निम्मं तोंड छापलं. तुमी नावासगट छापा."

चुलीतलं लाकूड तडतडलं. दादांनी कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, आणि खिशात ठेवली. ते पत्रक छापलं गेलं नाही. माझी ती पहिली ओळ मला अजून आवडते आणि ती आवडल्याबद्दल अजून अस्वस्थ वाटतं.

मायला दवाखान्यात नेलं ते शेवटी आम्ही नव्हे, गयाबाईनं. म्हणजे तिनं नेलं नाही, ती फक्त निमंत्रण घेऊन आली. तिच्या नातीचं बारसं होतं. दारात उभी राहून ती साडीच्या काठाशी चाळा करत म्हणाली, "कुशे, त्या दिशी मी लय दात काढले. आता पाळन्याला तूच न्हाईस तर काय करू? माझी सून म्हनती मोबाईलवर गानं लावू. मोबाईलवर पाळना हालतो का गं?"  गयाबाई गेल्यावर माय उठली, तोंडावर पाणी मारलं, लुगडं बदललं आणि मला म्हणाली, "चल."

दवाखान्यात शिरलो तर बाकाच्या वर, भिंतीवर, तेच पोस्टर. आमच्याशिवाय तिघं चौघं बसलेले. माय पोस्टरखाली बसली नाही, उभी राहिली. आत बोलावल्यावर मी तयार करून आणलेलं सगळं भाषण त्याच्यापुढं ठोकलं. रुग्णाचा हक्क, संमती, प्रतिष्ठा. डॉक्टरचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"ताई, मी विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढत नाही," तो म्हणाला. "यांनाही विचारलं होतं. मला नीट आठवतंय, कारण यांनी इतक्या ठसक्यात उत्तर दिलं. मी म्हणालो, काढू का मावशी? आणि या म्हणाल्या, काढा बाबा एकदाची..."

तो थांबला. 'एकदाची' हा शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडला आणि तो त्याचा त्यालाच ऐकू गेला. फोटो एकदाचा काढतात. एकदाची काढतात ती दाढ.  तोही मराठीच माणूस होता. तो हातातल्या आरशाकडं बघत राहिला.

"मला वाटलं," माय हळूच म्हणाली, "तुमी दाढ काढायलाव."

"मी फोटोचं विचारत होतो," तो म्हणाला.

"म्हनला न्हाईत की फोटू."

"नाही म्हणालो." त्यानं आरसा खाली ठेवला. "चुकलंच मावशी."

मग तिनं स्वतः खुर्चीत बसून घेतलं. पदर मात्र सोडला नाही. "ही वाचती का आता?" तिनं गालावर बोट ठेवलं.

"वाचेल. आतली नस साफ करायची, वर टोपी बसवायची. बऱ्याचदा यावं लागेल."

"मंग त्या दिशी हे कामून न्हाई सांगितलं?"

"खेड्यातले लोक दाढ काढूनच घेतात मावशी. म्हणून ते मी विचारतच नाही."

"विचारतच नाही म्हणजे?" मी उसळले. "तुम्हीच ठरवता आमच्या लोकांनी काय—"

"तू गप," माय म्हणाली. मी गप झाले. ती डॉक्टरकडं वळली. "काढली तर गायला येतं का?"

त्यानं पहिल्यांदा तिच्या तोंडावरून नजर उचलून तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तुम्ही गाता?"

"गाते."

"आवाजाला काही होणार नाही," तो सावकाश म्हणाला. "एकदम मागची दाढ आहे. चावताना उणीव जाणवेल. आधी गोळ्या घ्या, सूज उतरू द्या, मग ठरवा. घाई नाही."

सूज उतरल्यावर आम्ही पुन्हा गेलो. वाटेत बसमध्ये मी तिला दाढ वाचवायचंच पटवत होते. ती आपल्या हक्काची आहे, म्हणत होते. माय खिडकीतून वेचणीला आलेल्या कापसाकडं बघत होती. खुर्चीत बसल्यावर तिनं सांगितलं, काढायची. वेचणीच्या दिवसांत सारख्या खेपा घालणं तिला नको होतं, आणि त्या दाढेचा तिला कंटाळा आला होता. मी तोंड उघडलं, तिनं हात वर केला, मी मिटलं. ती खुर्ची तिची होती, दाढही तिची.

"आता म्हना," ती डॉक्टरला म्हणाली.

"काय?"

"काय काढायलाव ते. आख्खं म्हना."

तो हसला नाही. "मावशी, तुमची खालची, डावीकडची, शेवटची दाढ मी काढू का?"

"काढा," माय म्हणाली आणि पदर सोडला.

बाहेर आलो तेव्हा तिच्या तोंडात कापूस दाबलेला होता, बोलता येत नव्हतं. ती बाकाजवळ थांबली आणि भिंतीकडं बोट केलं. डॉक्टर मागोमाग आला होता. "काढतो," तो म्हणाला. चिकटपट्टी ओढताना भिंतीचा रंगही थोडा सोलून निघाला. स्टँडवरचं पोस्टरही मग दोन दिवसांत गेलं. बारशाला माय पाळण्याच्या दोरीला हात लावून उभी राहिली. पदर खांद्यावर होता. पहिल्या सुरावर गयाबाई रडायला लागली आणि मायनं गाता गाताच तिला कोपर मारलं, दोरी नीट धर म्हणून.

हे इथंच संपलं असतं तर मी हे प्रकरण लिहिलं नसतं. पण छापलेला कागद परत येत नाही, हे पत्रकाच्या घरात वाढलेल्या मुलीला कुणी सांगायला नको. डॉक्टरनं ती पोस्टरं जिल्हाभर वाटली होती. आता मी परभणीला राहते, तिशी ओलांडली, आणि तरी कुठल्याही दवाखान्यात शिरले की आधी भिंती बघते. बोरीला एका ठिकाणी सापडलं होतं. परवा कामानिमित्त चारठाण्याला गेले, तिथंही एका खोलीत कपाटामागे, उन्हानं फिकट झालेलं. दात निळसर झाले होते, पण ते तीन ठिपके अजून हिरवे. मी तिथल्या बाईंना विचारलं, हे काढू का? त्यांनी विचारलं, काय? मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

छापायला द्यायच्या आधी मी हे सगळं मायला वाचून दाखवलं. ती शेंगा निवडत ऐकत होती. मिसरीचं वाचलं तेव्हा म्हणाली, "ऱ्हाऊ दे, खरं हाय." नावापाशी थांबून मी विचारलं, घालू का? ती म्हणाली, "घाल. पर आधी काय घालायलीस ते आख्खं म्हन." मी आख्खं म्हटलं. मग तिनं मला शेवटची ओळ सांगितली, म्हणून ती माझी नाही, तिची आहे.

तुमच्या गावच्या दवाखान्यात, शाळेत, स्टँडवर, कुठंही भिंतीवर एक उघडं तोंड दिसलं आणि त्याच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके असले, त्यातला तिसरा घसरलेला, तर तिथल्या माणसाला आख्खं वाक्य बोलून विचारा, आणि ते पोस्टर काढा.